इवासेअण्णांचा डबा

सांता क्लारा, कॅलिफोर्निया
मार्च १९८६, रविवार दुपार

ती. आत्यांना,

सुलभाचा वाकून नमस्कार, आणि ऑफिसच्या सवयीने कमरेतून आणखी एकदा वाकून नमस्कार. (दुसरा जपानी आहे. त्यात पायांना हात लावत नाहीत, तेव्हा तुमच्या दुखऱ्या गुडघ्याला धक्का लागायची भीती नाही.) गुडघ्याचं कसं आहे? डॉक्टरांनी जिना चढायचा नाही म्हणून सांगितलंय, म्हणून तुम्ही आता दिवसातून एकदाच गच्चीवर जाता, असं तुम्ही लिहिलं होतं. ते वाचून प्रसन्न म्हणाला, आत्याने डॉक्टरचं एवढं ऐकलं म्हणजे दुखणं खरंच वाढलेलं दिसतंय. बाकी सांगलीत सगळं ठीक असेल. वरच्या भाडेकरूंची बाळंतीण, तुमचं मांजर, तुमचं भजनी मंडळ (यात सध्या कोण कोणाशी बोलत नाही, ते सविस्तर कळवा). आम्ही तिघं मजेत. उत्तराला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजीत. तिला रागावायचं झालं की मी मराठीत रागावते आणि ती इंग्रजीत ऐकून घेते, असा संसार चालला आहे.

मी ज्या जपानी लोकांकडे नोकरी करते ते वागायला कसे, असं तुम्ही विचारलं होतंत. सुटं सुटं सांगण्यापेक्षा एक कहाणीच सांगते, कारण गेल्या सप्टेंबरपासून माझा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. कंपनीने मला ओसाकाच्या मुख्य कारखान्यात सहा महिने ट्रेनिंगला पाठवावं. आत्या, मला जायचं होतं. अगदी मनापासून जायचं होतं. कोल्हापूरला एम.एस्सी. झाल्यावर फिजिक्सचं पुस्तक जे मिटलं ते कितीतरी वर्षांनी या नोकरीत उघडलं, आणि उघडून पाहते तर मधली पानं कोणीतरी वाचून पुढे गेलेलं. आमची कंपनी चिप तपासायची यंत्रं करते. चिप म्हणजे नखाएवढा तुकडा, कॉम्प्युटरचं सगळं डोकं त्यात. तुकड्यात खोट आहे का ते यंत्र सांगतं आणि यंत्रात खोट आहे का ते मी सांगते. (दोघांपैकी यंत्राचं लोक जास्त ऐकतात.) ओसाकाला जाऊन आलेला माणूस यंत्र उघडतो, जुळवतो, त्याच्या हाताखाली चार माणसं देतात. न गेलेला माणूस भिंगातून बघतो आणि नापास असं लिहितो. मी दोन वर्षं नापास लिहीत होते.

आधी ऑफिसचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सकाळी सगळ्यांनी पार्किंग लॉटमध्ये रांगेत उभं राहून कवायत करायची. टेपवर पियानो वाजतो, एक जपानी गृहस्थ त्यावर आकडे मोजतो आणि आम्ही शाळेतल्या मुलांसारखे हात वर, हात खाली. आमची रिसेप्शनिस्ट डार्लीन उंच टाचांचे बूट काढून अनवाणी उभी राहते आणि वाकताना देवाचं नाव घेते (भक्तीने नव्हे). शेजारच्या कंपनीतले लोक गाडीत कॉफी पीत आमच्याकडे बघत बघत जातात. पहिल्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता रविवारीसुद्धा त्या वेळेला माझे हात आपोआप वर जातात आणि प्रसन्न विचारतो, वरच्या फळीवरचं काही काढून देऊ का.

आत एक लांबलचक हॉल. टेबलं एकमेकांना चिकटून, पंगत मांडल्यासारखी, आणि टोकाला आमच्याकडे तोंड करून साहेब, नाकागाकीसान. (आपण राव लावतो तसं हे सान लावतात.) भिंती नाहीत. कोण काय करतंय, कोणाच्या डब्यात काय आहे, कोणाचा बायकोशी फोनवर वाद चाललाय, सगळं सगळ्यांना दिसतं. डार्लीनला याचा फार त्रास होतो. मी चाळीत वाढलेली, मला भिंत असली की चुकल्यासारखं वाटतं. चहावरून मात्र वाजलं होतं. पाहुणे आले की चहा बायकांनी द्यायचा, ही तिकडची रीत त्यांनी इथेही आणली. डार्लीनने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की ती टायपिंग करते, चहा करत नाही. मग सगळे डोळे माझ्याकडे वळले. मी चहा केला. आलं, वेलदोडा, दूध, साखर, सगळं एकत्र घालून तीनदा उकळी आणून. ओसाकाहून आलेल्या पाहुण्यांनी तो मोठ्या आदराने घेतला, कप तळापर्यंत रिकामे केले, आभार मानले आणि त्यानंतर आजतागायत मला कोणीही चहा करायला सांगितलेलं नाही. (ते चहात दूधसुद्धा घालत नाहीत हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगते.)

संध्याकाळी तर वेगळीच गंमत. पाच वाजले तरी कोणी उठत नाही. साहेब बसलेत म्हणून हाताखालचे बसतात, आणि हाताखालचे बसलेत म्हणून साहेबांना उठवत नाही. सगळ्यांना घरी जायचं असतं आणि सगळे एकमेकांच्या सोयीसाठी अडकून पडतात. मी उठते, कारण उत्तरा लायब्ररीत माझी वाट बघत असते. उठताना म्हणायचं एक वाक्य आहे. तुमच्या आधी निघते आहे, अपराधाची क्षमा असावी, असा त्याचा अर्थ. डार्लीनला वाटतं हे म्हणणं म्हणजे स्वाभिमान सोडणं. मला नाही वाटत. आपण तरी कुठे दारातून जाते म्हणतो? येते म्हणतो आणि जातो.

तर सप्टेंबरात बातमी आली, की इथल्या एकाला ओसाकाला पाठवायचंय. सोमवारच्या मीटिंगमध्ये मी सरळ हात वर केला आणि म्हटलं, मला पाठवा. हॉलमध्ये अशी सामसूम झाली, की कोणीतरी गेल्याची बातमी यावी. नाकागाकीसानांनी दातांतून स्स् करून श्वास आत ओढला, आपल्याकडे ठेचा खाल्ल्यावर ओढतात तसा, मान एका बाजूला कलती केली आणि म्हणाले, हे जरा कठीण आहे. मी म्हटलं, कठीण असेल तर सोपं करू. दुसऱ्या दिवशी माझं शिक्षण, अनुभव, मी गेल्यावर इथलं काम कोण बघेल, सगळं टाइप करून त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं. आणि पुन्हा ठेचा.

माझ्या शेजारी शिमोदा म्हणून एक तरुण इंजिनिअर बसतो. फार सज्जन मुलगा. (ओसाकाला फोन लावला की उभा राहून फोनला वाकून नमस्कार करतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, पेन पडलं असेल.) त्याला माझी दया आली. तो म्हणाला, कठीण आहे याचा अर्थ नाही असा असतो, आणि मीटिंग ही काही विचारायची जागा नव्हे. मीटिंगमध्ये आधीच ठरलेलं सगळ्यांनी पहिल्यांदा ऐकायचं असतं. ठरवायचं बाहेर, एकेकाच्या टेबलापाशी जाऊन, हळूहळू. याला ते नेमावाशी म्हणतात. झाड एका जागेवरून दुसरीकडे न्यायचं तर आधी बरेच दिवस त्याच्या मुळांभोवतीची माती मोकळी करत राहायची, म्हणजे उपटताना झाडाला कळत नाही. मी मनात म्हटलं, अरे, हे तर लग्न जमवणं झालं. बैठकीत दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसून जे बोलतात ते काय खरं असतं? त्याआधी कुठलीतरी मावशी खडा टाकून आलेली असते, कुठलेतरी काका सहज इकडून चाललो होतो म्हणून चहा पिऊन आलेले असतात. हे मला येत होतं, आत्या. हे मी आईच्या दुधाबरोबर शिकले होते. मी उगीचच अमेरिकन वागत होते.

मग मी कामाला लागले. रोज एक टेबल. एकाच्या मुलाच्या पोहण्याची चौकशी, दुसऱ्याच्या बायकोला ड्रायव्हिंगची भीती वाटते तिला शनिवारी रिकाम्या पार्किंगमध्ये शिकवणं, तिसऱ्याला मांस न खाता माणूस जगतो कसा हे समजावून सांगणं, आणि जाता जाता ओसाकाचं नाव. डार्लीनकडेसुद्धा गेले, तिला कोणी काही विचारत नसलं तरी. ती म्हणाली, “हनी, जस्ट आस्क द मॅन.” मी म्हटलं, विचारून झालंय, म्हणून तर हे करावं लागतंय. डिसेंबर उजाडेपर्यंत मी हॉलमधली सगळी माती भुसभुशीत केली होती. मीटिंगमध्ये नाकागाकीसानांनी स्वतः विषय काढला. एकेक मान हलत गेली. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली. आणि तेवढ्यात खिडकीकडून आवाज आला, स्स्. सगळ्या माना होत्या तिथे थांबल्या, नाकागाकीसानांनी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला आणि पुढचा विषय निघाला. माझं घोडं खिडकीपाशी अडलं.

खिडकीपाशी इवासेसान बसतात. माझ्या मनात त्यांचं नाव पहिल्यापासून इवासेअण्णा. साठीला आलेले, हॉलमधले सगळ्यांत वडील, पांढरे केस, बारा महिने अंगात बिनबाह्यांचा विणलेला स्वेटर. त्यांना काम काही नाही. ज्याची बढती राहून गेली त्याला हे लोक काढून टाकत नाहीत, खिडकीजवळ एक टेबल देतात, आणि तो वर्तमानपत्र वाचतो, पेन्सिलींना टोक करतो, झाडं बघतो. इवासेअण्णांच्या टेबलावरचा फोन वाजलेला कोणी ऐकला नव्हता. म्हणून मी त्यांच्याकडे गेलेच नव्हते. सगळ्या गावाला अक्षत दिली आणि घरातल्या थोरल्यालाच विसरले. आता तो रुसणार नाही तर काय करणार? हे तुम्हाला मी सांगायला नको. (आमच्या लग्नात तुमच्या भावाने स्वतः न येता पोस्टाने पत्रिका पाठवली म्हणून तुम्ही मांडवात येऊन फक्त पाणी प्यायलात, ती आठवण मी मुद्दाम काढत नाहीये.)

रुसलेल्या माणसाकडे रिकाम्या हाताने जाता येत नाही आणि काम घेऊन तर मुळीच जाता येत नाही. देवाच्या कृपेने जानेवारीत संक्रांत आली. मी ऑफिसात सगळ्यांना तिळगूळ दिला, आणि इवासेअण्णांना अख्खा स्टीलचा डबा भरून लाडू. त्यांनी दोन्ही हातांनी डबा घेतला, झाकण उघडलं, वास घेतला. तीळ, असं त्यांच्या भाषेत म्हणाले आणि झाकण जपून पुन्हा लावलं. मी ओसाकाचा ओ काढला नाही. चार दिवसांनी डबा परत आला. घासून आरशासारखा, एका निळ्या सुती कापडात बांधलेला, आणि आत तांदळाच्या खारवलेल्या कुरकुरीत चकत्या. आता पाहा, डबा माझा होता, तो त्यांनी भरून दिला, हिशेब मिटला. पण कापड त्यांचं होतं. कापड काय नुसतं परत द्यायचं? मी त्यात चिवडा बांधून दिला. चिवड्याची परतफेड म्हणून त्यांनी हिरव्या चहाचा पत्र्याचा डबा दिला. तो संपल्यावर पत्र्याचा डबा रिकामा कसा द्यायचा, म्हणून मी त्यात शंकरपाळे घातले.

शेजारणीचा डबा रिकामा पाठवू नये असं आपल्याला लहानपणापासून सांगितलंय, आणि भेटीची परतफेड केल्याशिवाय त्यांना झोप येत नाही असं त्यांना लहानपणापासून सांगितलंय. यातून सुटका कशी व्हायची ते दोन्हीकडच्या शास्त्रात दिलेलं नाही. फेब्रुवारीत आमचं स्वयंपाकघर म्हणजे जपानी वाणसामानाचं दुकान झालं. समुद्रातल्या शेवाळाचे काळे पातळ कागद आले, ते प्रसन्नने कार्बन पेपर समजून आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवले. खारवलेले आंबट आलुबुखार आले, ते मात्र त्याने पहिल्या घासाला ओळखले आणि दहीभाताबरोबर बरणी संपवली. रिकामी बरणी बघून मी कपाळावर हात मारला. उत्तरा वैतागून म्हणाली, “मॉम, जस्ट टेल हिम टु स्टॉप.” ते सांगता येत नाही बाळा, म्हटलं. “व्हाय नॉट?” मी बरणी धुवायला घेतली.

मार्चच्या सुरुवातीला मी डब्यातून थालीपीठ नेलं, लोणी वेगळं. इवासेअण्णा म्हणाले, आज इथेच बसा. कॅन्टीनमध्ये आम्ही समोरासमोर बसलो. त्यांनी थालीपीठ काट्याने खायचा प्रयत्न केला, मग माझ्याकडे बघून हाताने तोडलं. त्यांचं इंग्रजी माझ्या जपानीपेक्षा थोडंसं बरं. लोणी लावून दुसरा तुकडा तोडला. मग ओसाकाचं नाव त्यांनीच काढलं. म्हणाले, “सहा महिने. मग घरी मुलीपाशी कोण?”

मला वाटलं होतं ते मानासाठी अडून बसलेत. ते नव्हतंच. कंपनीने त्यांना आधी सिंगापूरला पाठवलं, मग जर्मनीला, मग इथे. मुलीची शाळा बुडू नये म्हणून बायको मुलीला घेऊन ओसाकाशेजारी कोबेलाच राहिली. त्यांच्याकडे सगळे असंच करतात, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. वर्षातून एकदा बाप घरी जायचा, मुलगी एक इयत्ता पुढे गेलेली असायची. गेल्या वर्षी तिचं लग्न झालं. लग्नात मुलगी आईबापांना वाकून नमस्कार करते. इवासेअण्णा हसत हसत म्हणाले, “आईला खूप खाली वाकली. मला, पाहुण्यांना वाकतात तेवढी.” आणि हाताने टेबलापासून किती ते दाखवलं. आत्या, मी त्यांना मांडवातला रुसलेला व्याही समजत होते आणि हा माणूस डिसेंबरपासून, कधी न पाहिलेल्या माझ्या मुलीची काळजी करत होता. मला रडू आलं, तेही भर कॅन्टीनमध्ये. पलीकडून डार्लीनने कागदी रुमालांचा गठ्ठाच आणून ठेवला.

उत्तराला मी आधीच विचारलं होतं हो. ती म्हणाली होती, “गो, मॉम. आय ॲम नॉट अ बेबी.” पण त्याच आठवड्यात वेणी घालून घेताना आरशातून माझ्याकडे बघत तिने हळूच विचारलं, हे मग कोण करणार. मी म्हटलं, बाबा. प्रसन्नने आजवर बुटाच्या नाडीपलीकडे काही बांधलेलं नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी वेणी उकलून पुन्हा घातली. म्हणून इवासेअण्णांनी विचारल्यावर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि तरी मी एक उत्तर दिलं. ते ऐकून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि उरलेलं लोणीसुद्धा संपवलं. (काय उत्तर दिलं ते जरा थांबून सांगते.)

पुढचं झटपट झालं. माझा कागद ड्रॉवरमधून निघाला आणि टेबलाटेबलांवरून फिरला. हे लोक सही करत नाहीत, नावाचा लाल शिक्का मारतात, आणि हाताखालचे आपला शिक्का किंचित तिरका मारतात, साहेबाच्या शिक्क्यापुढे मान झुकवल्यासारखा. इवासेअण्णांचा शिक्का सरळ होता. मीटिंगमध्ये नाकागाकीसानांनी विषय काढला, सगळ्यांनी हे आजच कळतंय असे चेहरे केले, मीही केला, आणि साहेबांनी माझं अभिनंदन केलं. जूनमध्ये निघायचं आहे, शाळेला सुट्टी लागली की. इवासेअण्णांनी कोबेला बायकोला फोन करून ठेवलाय. दर रविवारी मी तिच्याकडे जेवायचं आहे, आणि मांस न खाणाऱ्या बाईला काय घालायचं या काळजीने ती आतापासून शेजारपाजार हिंडते आहे म्हणे. डबा सध्या त्यांच्याकडे आहे. या वेळी काय येतंय, देव जाणे.

तर हे जपानी लोक वागायला कसे, तर आपल्यासारखेच, फक्त वेळेवर येतात. मनात काय आहे ते सांगत नाहीत, पण कळावं अशी इच्छा धरून असतात. सत्त्याऐंशी साल उजाडेपर्यंत मी यंत्र उघडून जुळवायला शिकलेली असेन, आणि पुढे माझ्या हाताखाली चार माणसं असतील. हे लिहिताना मला खरं वाटत नाही, म्हणून पुन्हा वाचून बघितलं. तुमचा आशीर्वाद हवा आहे. मांजराच्या पाठीवरून हात फिरवा, भाडेकरूंच्या बाळाचा गालगुच्चा घ्या, आणि तुम्हाला दोन्ही पद्धतींचे नमस्कार.

तुमची,
सुलभा

ता. क. इवासेअण्णांना दिलेलं उत्तर मी गाळलं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. मी म्हटलं, माझ्या सासूबाई येऊन राहणार आहेत, पूर्ण सहा महिने. ते माझ्या तोंडून कसं निघालं ते मला अजून कळत नाही. सासूबाईंना यातलं अवाक्षर ठाऊक नाही. त्या बिचाऱ्या मिरजेत आपल्या तुळशीला पाणी घालतायत आणि इथे एका जपानी कंपनीने त्यांच्या भरवशावर लाल शिक्के मारून ठेवलेत. तेव्हा त्यांच्या मुळांभोवतीची माती मोकळी करायचं काम तुमच्याकडे. सांगलीहून मिरज काही लांब नाही, बसला जागाही मिळते.

ता. क. दुसरा. मात्र एक विनंती आहे, आणि खरं म्हणजे हे सगळं पत्र त्या विनंतीसाठीच लिहिलं. सासूबाईंना जा म्हणून सांगू नका. तुम्ही जा म्हणालात की त्या जाणार नाहीत. तुम्ही उजवीकडे म्हटलं की त्या डावीकडे, हे मी सून म्हणून आल्यापासून बघते आहे (आणि तुम्हीही काही कमी नाही). म्हणून कृपा करून कडाडून विरोध करा. म्हणा, घरच्या सुनेने परदेशातून आणखी परदेशात जायचं हे शोभत नाही. म्हणा, सुमित्रा, या वयात तुला अमेरिका झेपायची नाही. दुसरं वाक्य एकदाच म्हणा, तेवढं पुरे. त्या त्याच दिवशी पासपोर्टच्या फोटोला बसतील.

ता. क. शेवटचा. प्रसन्न संध्याकाळी पत्र टाकायला निघाला आणि मिरजेहून फोन आला. सासूबाई, शेजारच्या दवाखान्यातून, सगळ्या मिरजेला ऐकू जाईल अशा आवाजात. प्रसन्नने त्यांना महिन्यापूर्वीच सगळं सांगितलं होतं. (तो शेजारी उभा राहून कोटाचं एकच बटण पुन्हा पुन्हा लावत होता.) पासपोर्टचे फोटोसुद्धा झालेत. म्हणजे इवासेअण्णांशी मी खोटं बोललेच नव्हते, फक्त मला ते ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, “सुलभा, पोरीपाशी मी आहे. तू जा आणि नीट शिकून ये.” मी हो म्हटलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “हे वन्संना इतक्यात कळू देऊ नकोस. त्या मोडता घालतील.”

तेव्हा आत्या, तुम्हाला काहीही माहीत नाही. पत्र तरीही पाठवते आहे, आणि विनंतीही तीच ठेवते आहे. त्या सांगायला आल्या की विरोध करा, भरपूर करा, चहासुद्धा उशिरा द्या. त्या आजवर पुण्याच्या पलीकडे एकट्या गेलेल्या नाहीत. फोन ठेवता ठेवता त्यांनी मला विचारलं, विमानाच्या खिडक्या उघडतात का गं. घाबरल्या आहेत, पण तसं म्हणायच्या नाहीत. तुम्ही नको म्हणालात की त्यांच्या अंगात बळ येतं, हे आपल्या घरात सगळ्यांनी पाहिलंय. विमानात बसण्याइतकं बळ त्यांना तुमच्याशिवाय दुसरं कोण देणार?